उघडल्यावरची लांबी

त्या वसंतात सरोवराकाठची पाणथळ आटली. एरवी जिथे घोड्याच्या पोटाला पाणी लागे, तिथे वाळलेल्या लव्हाळ्यात गुरे चरू लागली आणि पाण्याच्या शोधात निघालेली बदके एका संध्याकाळी, कुणी बोलावणे धाडल्यासारखी, भाताच्या खाचरांवर उतरली. पेरणी नुकती झाली होती. पंपाने चढवलेल्या उथळ पाण्याखाली कोंब अजून नखाएवढे होते, आणि बदकांना नेमके तेच हवे होते.

ओविदियो तेचेरा बांधावर उभा राहून दिवस उजाडण्याची वाट पाहत होता. खांद्याचे दुखणे आता ओळखीचे झाले होते. बार काढण्याआधीच ते जागे होई आणि बार निघाल्यावर कानशिलापर्यंत चढे. खाचराच्या मध्यावर पाणी काळे दिसत होते, म्हणजे तिथे बदके होती. त्याने दुनळी बंदूक उचलली, दस्त्यावर गाल टेकवला, किंचित मागे घेतला आणि चाप ओढला. काळे पाणी उठले, आभाळात फिरले आणि पलीकडच्या खाचराकडे वळले. त्याने दुसरा बार काढला.

बंदूक सांध्यात मोडून उघडत त्याने उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या काढायला बोट घातले. त्या निघाल्या नाहीत. पाटलोणीच्या खिशातला चाकू काढून त्याने पितळी कडेखाली पाते सारले आणि दात काढावा तशी एकेक पुंगळी हलवून हलवून बाहेर ओढली. बांधाखाली, गुडघाभर चिखलात, त्याची बायको निल्सा उभी होती. त्याने टाकलेल्या पुंगळ्या ती उचलून पिशवीत टाकत होती. मळ्याचा तसा दंडकच होता. बंदूक राखणदाराची, काडतुसे मळ्याची, आणि पुंगळ्या परत केल्याशिवाय नवा डबा मिळत नसे.

"आज पण अडकल्या?" तिने विचारले.

"ओल धरलीय हवेनं."

"पाऊस कुठाय ओल धरायला?"

त्याने चाकू मिटून खिशात टाकला. त्याला बोलायला वेळ लागे, आणि तोवर बहुतेकदा बोलायची जागा निघून गेलेली असे.

राखणीच्या कामाबरोबर पंपाशेजारचे दोन खोल्यांचे घर मिळाले होते. त्या घरात ओविदियो, निल्सा आणि निल्साचा बाप ब्राऊलियो राहत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत सारा पडला होता. त्याला उजेड आणि अंधार एवढेच कळत. काम गेले तर घर जाणार, हे तिघांनाही ठाऊक होते आणि तिघांपैकी कुणी ते बोलून दाखवत नसे. बंदूक मात्र म्हाताऱ्याची होती. त्याच्या बापाने ती बेल्जियमहून आलेल्या एका माणसाकडून घेतली होती. सोळा बोअरची, नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेली ती दुनळी जावयाच्या हातात देताना म्हातारा म्हणाला होता, "हिला खाली ठेवू नकोस. माणसं खाली ठेवली तरी चालतील."

संध्याकाळी ओविदियो दाराआड अंग धूत असताना निल्सा टॉवेल घेऊन आली. त्याने पाठ वळवली, पण उशीर झाला होता. उजव्या खांद्यापासून छातीपर्यंत जांभळा डाग पसरला होता, कडेला पिवळा, मध्ये पिकल्या अंजिरासारखा काळपट.

"हे कधीपासून?"

"नवा डबा आला तेव्हापासून."

"आणि मला दाखवलं नाहीस."

"दाखवून काय झालं असतं?"

तिने टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, अगदी हलक्या हाताने, आणि आत गेली.

म्हातारा चुलीपाशी येर्बाच्या पानांच्या काढ्याची तुंबडी धरून बसला होता. कडू घोट नळीने ओढत त्याने जावयाची पावले ऐकली. "बार ऐकले आज. हिचा आवाज बदललाय," तो म्हणाला. "पूर्वी ती खोकायची. आता ओरडते."

"नवी काडतुसं जोरकस आहेत, सासरेबुवा."

"सोळाचीच ना?"

"सोळाचीच. बुडावर आकडा आहे."

"मग तुझा खांदा मऊ आहे," म्हातारा म्हणाला आणि स्वतःच हसला.

निल्सा खिडकीशी उभी होती. त्या खिडकीत तिची सुया ठेवायची पुंगळी असे. लाल कागदाची, लहानपणी बापाच्या शिकारीच्या पिशवीतून तिने पळवलेली, इतक्या वर्षांत रंग उडालेली. तिने दिवसभरात गोळा केलेल्यातली एक हिरवी पुंगळी तिच्याशेजारी उभी केली. मग दिवा जवळ ओढला.

"ओविदियो, इकडे ये जरा."

हिरवी पुंगळी उंच होती. फार नाही, वाटाण्याच्या दाण्याएवढी. आणि लाल पुंगळीचे तोंड गोल, नीट होते. हिरवीचे तोंड मात्र कुत्र्याने चावल्यासारखे पिंजलेले आणि पुढे ओढले गेलेले.

"बाहेर काढताना मी ओढली ना, त्यानं लांबली असेल," ओविदियो म्हणाला. पण म्हणतानाच त्याला कळले की आपण बुडाशी धरून ओढतो. तोंडाला आपला हात लागतही नाही.

त्याने दुनळी आणली, मोडली, दोन्ही नळ्यांत दिव्याचा उजेड पाहून त्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग नळ्या उजेडाकडे धरून बुडाकडून डोळा लावला. नळीच्या सुरुवातीला काडतूस बसायचे घर रुंद होते. ते जिथे संपे तिथे एक काळे कडे दिसत होते, आणि पुढे नळी अरुंद होत गेली होती. इतके दिवस त्याने या नळ्या पुसल्या होत्या, पण ते कडे कशासाठी आहे हे स्वतःला कधी विचारले नव्हते.

डब्यातले एक कोरे काडतूस घेऊन त्याने ते नळीत सोडले. ते सहज गेले. बुडाची कड खोबणीत सपाट बसली.

"जातंय की," निल्सा म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती, आणि थोडा आनंद.

ओविदियोने काडतूस बाहेर काढले आणि तळहातावर धरून पाहत राहिला. त्याचे तोंड चुण्या घालून मिटलेले होते, आत दुमडलेले, कळीसारखे. मिटलेल्या कळीची लांबी ही काही फुलाची लांबी नव्हे, असे काहीसे त्याच्या मनात आले. पण असल्या गोष्टी तो मोठ्याने बोलत नसे. दिव्यापासून दूर, टेबलाच्या टोकाला जाऊन त्याने चाकूच्या टोकाने एकेक चुणी उचलली. छर्रे बशीत ओतले, आतली गादी काढली, दारू एका फडक्यावर झटकली. बुडातली ठिणगी पाडणारी टोपी अजून जिवंत होती, म्हणून पुंगळी त्याने निल्साने आणलेल्या तेलाच्या वाटीत उभी करून ठेवली आणि जेवण होईपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. मेंढीचा रस्सा निवून गेला. मग त्याने ती पुसली, बोटाने तोंड गोल केले आणि नळीत सारली.

ती गेली, गेली, आणि थांबली. पितळी कड खोबणीच्या बाहेर राहिली. त्याने अंगठ्याने किंचित रेटले. ती हलली नाही. बंदूक मिटत नव्हती.

"सासरेबुवा, हात द्या."

त्याने म्हाताऱ्याचा अंगठा धरून त्या उरलेल्या फटीवर ठेवला. म्हाताऱ्याने ती चाचपली. दुसऱ्यांदा चाचपली.

"हे काय आहे?"

"हे काडतूस उडाल्यावर एवढं होतं. याला उघडायला जागा पाहिजे आणि हिच्या घरात ती नाही. तोंड पुढं अरुंद नळीत जाऊन उघडतं. तिथंच गळा आवळला जातो. पुढं जायचा जोर मग मागं येतो."

"माझ्या खांद्यावर नाही आला कधी."

"तुम्ही काडतुसं कुठून आणायचात, बाबा?" निल्साने विचारले.

"कुठून म्हणजे? पेरेइराच्या दुकानातून. मी म्हणायचो सोळाची दे, तो द्यायचा."

"त्यानं बंदूक बघितली होती?"

"त्याच्या बापानंच तर दुरुस्त केली होती ती." म्हातारा थांबला. पेरेइरा मरून दुकान पडीक झाले होते. कितीतरी वर्षे कुणीतरी आपल्या वतीने एक गोष्ट जाणत होते आणि ती जाणण्याचा आपल्याला कधी भारच वाटला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरले. तो म्हणाला, "पुढचं लाकूड काढ. नळ्यांच्या पोटाखाली कोरलेलं काही आहे. मला नखाला लागायचं."

लाकूड काढून ओविदियोने रॉकेलच्या बोळ्याने जुने वंगण पुसले. आधी सोळा दिसला. मग बाजूला, बारीक, पासष्ट. निल्साने काडतुसांचा डबा उचलून दिव्याशी नेला. मोठ्या सोळाखाली, माशीएवढ्या अक्षरात, सत्तर मिलिमीटर लिहिले होते.

"मला वाटायचं तो करणाऱ्याचा आकडा असेल," म्हातारा म्हणाला. "चौसष्ट बंदुकांनंतरची पासष्टावी वगैरे."  तो पुन्हा म्हणाला, "एवढ्या धक्क्यांनी सांधा ढिला पडला असेल, तिथं उजेड दिसतो का बघ."

ओविदियोने बंदूक मिटून दिव्यासमोर धरली. नळ्या आणि बूड जिथे मिळत, तिथे केसाएवढी उजेडाची रेघ होती. ती पूर्वी होती की नाही हे त्याला आठवेना. त्याने रोज तिथेच गाल टेकवला होता.

सकाळी तो पंपघरासमोर मुकादम लुसार्दोची वाट पाहत उभा राहिला. लुसार्दो गाडीतून उतरला नाही. काच खाली करून त्याने कोपर बाहेर काढले. शेजारी ड्रायव्हर बसला होता. ओविदियोने तळहातावर दोन पुंगळ्या ठेवून सांगायला सुरुवात केली आणि रात्रभर मनात जुळवलेली वाक्ये उलट्या क्रमाने बाहेर आली.

"आत जातंय ना?" लुसार्दो म्हणाला.

"जातंय."

"बंदूक मिटतेय ना?"

"मिटतेय. पण उडाल्यावर ते मावत नाही."

"उडाल्यावर तुला ते मावायला कशाला पाहिजे? उडालं की." ड्रायव्हर हसला. लुसार्दोही हसला, वाईट मनाने नव्हे. "तेचेरा, बायकोच्या बापाच्या बंदुकीला आता काडतुसं माप घेऊन शिवायची का?"

ओविदियोचा हात तसाच पसरलेला राहिला. तो कसा मागे घ्यावा हे त्याला सुचेना.

"आखूड मिळतात. डब्यावर पासष्ट असतं," तो म्हणाला. "तेवढी आणा. ही मी नाही वापरणार."

हे शेवटचे वाक्य त्याने ठरवले नव्हते. ते ऐकून लुसार्दोने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

"शहरातून ट्रक येईल तेव्हा बघू. तोवर बदकांना काय सांगू, तेचेरा आजारी आहे म्हणून? खाचर खाल्लं गेलं तर मला वर उत्तर द्यावं लागतं. विल्मार सिल्वेरा घरी बसलाय, बंदूक घेऊन. लक्षात ठेव."

गाडी गेली. टिटव्या बराच वेळ तिच्यामागे ओरडत राहिल्या.

मग दुनळी खिळ्याला टांगून तिघांनी अंगाने राखण केली. ओविदियो घोडीवर बसून बांधाबांधाने फिरे आणि रिकामा डबा बडवी. निल्सा पाण्यात उतरे. तिने तारेवर पत्रे आणि त्या हिरव्या पुंगळ्या ओवून खाचरावर आडव्या माळा बांधल्या होत्या. वारा असला की त्या खुळखुळत. पहिल्या दिवशी बदके घाबरली. दुसऱ्या दिवशी ती माळांपासून थोडी लांब उतरली. मग माळांखालीच उतरू लागली. निल्साच्या पोटऱ्यांना चिखलाने खाज सुटून चिरा पडल्या. रात्री ती चरबी चोळत बसे तेव्हा तिच्या मांडीवर ठेवलेले पाय तिचे नसल्यासारखे पांढरे दिसत. म्हाताऱ्याला दक्षिणेच्या बांधावर खुर्ची टाकून बसवले होते. तो पंखांचा आवाज ऐके आणि त्या दिशेला पातेले वाजवी. कधी कधी बदके नसतानाही वाजवी.

"बाबा, कुणी नाही तिथं."

"येणार असतील त्यांना सांगतोय."

एका पहाटे धुके इतके दाट होते की घोडीचे कान दिसत नव्हते. ओविदियोला सगळीकडून पाण्यातले चोचींचे आवाज येत होते, लहान, ओले, समाधानी आवाज, आणि डबा बडवून तो एका बाजूला गेला की ते दुसऱ्या बाजूला सुरू होत. धुके उठले तेव्हा पश्चिमेकडच्या बांधालगत एक लांब पट्टा नुसता पाण्याचा उरला होता. हिरवे काहीच नव्हते. तो घोडीवरून उतरला, पाण्यात हात घालून चाचपू लागला आणि हाताला मऊ गाळ लागत राहिला. दोन बार पुरले असते. हे तो स्वतःला सांगत होता, आणि खांद्यावरचा डाग हाताने दाबून पाहत होता, तो खरोखर होता ना म्हणून.

ट्रक आला त्याच दुपारी लुसार्दो आला. गाडीच्या मागे विल्मार सिल्वेरा उभा होता. उंच, उन्हाने करपलेला, पोत्यात गुंडाळलेली बंदूक छातीशी धरलेला. लुसार्दोने पट्टा पाहिला आणि काडतुसांचा डबा ओविदियोच्या हाती दिला. सोळा, आणि खाली पासष्ट.

"आणलीत."

"आणली. तू खोटं बोलत नव्हतास, दुकानदार पण तेच म्हणाला," लुसार्दो म्हणाला. "पण पट्टा खाल्ला गेला तो गेला. पश्चिमेची बाजू आता विल्मार बघेल. पूर्वेची तुझी. घर कापणीपर्यंत राहू दे. मग बघू." आणि जाताना मागे वळून, "ती लांबवाली उरलेली दे त्याला. त्याची पण सोळाचीच आहे."

निल्साने घरातून डबा आणून दिला. विल्मारने तो काखेत धरला, टोपीला हात लावून मान हलवली आणि बांधावरून चालू लागला.

ओविदियोने घरात जाऊन दुनळी उतरवली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे पाहिले. नव्या डब्यातले एक काडतूस त्याने तसेच उकलले, बूड तेलात ठेवले, पुसले, तोंड गोल करून नळीत सोडले. ते थेट गेले. म्हाताऱ्याने न सांगता अंगठा पुढे केला आणि सपाट बसलेल्या कडेवरून फिरवला, झोपलेल्या मुलाच्या भुवईवरून फिरवावा तसा.

"आता सांधा तेवढा कुणाकडून तरी आवळून घ्यायचा," तो म्हणाला. "तोवर एकाच नळीनं."

"तोवर काहीच नाही," ओविदियो म्हणाला. "आधी सांधा." म्हाताऱ्याने अंगठा काढून घेतला, आणि ते त्याचे हो म्हणणे होते.

पण ओविदियोचे लक्ष तिथे नव्हते. तो खिडकीतून पश्चिमेकडे पाहत होता.

"त्याची बंदूक बघितलीस?" निल्साने विचारले.

"पोत्यात होती. दस्ता दिसला. जुना आहे, तारेनं बांधलेला."

"मग?"

 जावे, सांगावे, हे सरळ होते. पण विल्मारच्याही बंदुकीत ते मावले नाही, तर विल्मारलाही थांबावे लागेल, आणि थांबलेल्या माणसाकडून खाचर काढून घेतात हे आता ओविदियोला माहीत होते. म्हणजे आपण त्याचा जीव वाचवायला चाललो आहोत की पश्चिमेची बाजू परत आणायला? दोन्ही एकाच पावलात होते; पाऊल एकच टाकता येत होते. न जावे तर स्वच्छ राहता येत नव्हते, जावे तरी नाही.

"तो म्हणेल, पोटात दुखतंय याच्या."

"म्हणू दे," निल्सा म्हणाली. "दुखतंय तर आहेच."

लांब काडतुसे सगळी विल्मारकडे गेली होती; तेलाच्या वाटीजवळ ती पहिल्या रात्रीची रिकामी हिरवी पुंगळी होती, तीच त्याने खिशात टाकली.

विल्मार बांधावर उकिडवा बसून सिगारेट वळत होता. ओविदियोला येताना पाहून तो उठला नाही.

"काय, माळा न्यायला आलास?"

"नाही. काडतूस घातलंस का?"

"अजून नाही. बदकं येऊ देत की."

ओविदियोने सांगितले. या वेळी वाक्ये सरळ आली, कदाचित ऐकणारा एकच होता म्हणून. विल्मारने सिगारेट पेटवली आणि धूर सोडत त्याच्याकडे पाहिले.

"अर्धं खाचर तुझ्याकडे ठेवलंय. आता माझी बंदूक पण काढून घ्यायला आलास."

"तसं वाटणार तुला, माहीत होतं."

"मग आलास कशाला?"

 ओविदियोने खिशातून पुंगळी काढून पुढे केली. हात पसरलेला राहिला, पण या वेळी तो मागे घ्यावासा वाटला नाही. विल्मारने त्या हाताकडे पाहिले. मग पोते सोडले. दस्ता जुना होता, कुठल्यातरी मोडक्या बंदुकीचा. नळी मात्र एकच होती, साधी, काळी, आणि नवी वाटत होती. त्याने ती मोडली, आत पाहिले, ओविदियोलाही पाहू दिले. मग पुंगळी घेतली आणि नळीत सारली.

ती गेली आणि गेली. कड सपाट बसली. विल्मारने बंदूक मिटली. बारीक टक असा आवाज झाला.

"झालं समाधान?" तो म्हणाला.

ओविदियोने वाकून सांध्यावरून नख फिरवून पाहिले. कुठेही फट नव्हती. नळीच्या कडेला सोळाशेजारी सत्तर होते, ताजे, लाकूड न काढता वाचता येणारे. आणि त्या क्षणी त्याच्या छातीतून जे उतरले ते काय आहे हे त्याने घाबरत घाबरत तपासले. ते निराशेसारखे नव्हते. त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

"झालं," तो म्हणाला.

"माणूस आहेस की कोण," विल्मार म्हणाला आणि सिगारेट पुढे केली. ओविदियो ओढत नसे. त्याने ती घेतली, एक झुरका मारून खोकला आणि परत दिली.

बांधावरून परतताना सूर्य मावळतीला टेकला होता. पाण्यात रिकामा पट्टा आरशासारखा चकाकत होता. तो पूर्वेच्या कडेला पोचला तेव्हा निल्सा दारात उभी होती.  त्याने मान हलवली तेवढ्यावरून तिला काय कळायचे ते कळले असावे, कारण ती आत गेली आणि तिने तव्यावर चरबी टाकली.

पश्चिमेकडे बार झाला. बदके उठली, आभाळ काळे झाले आणि सारा थवा वळून पूर्वेच्या खाचराकडे आला, त्याच्याकडे. ओविदियोने बडवायचा रिकामा डबा उचलला. दुसरा बार ऐकताना आपले खांदे आवळले जातात का, याकडे त्याने लक्ष दिले. ते आवळले गेले नाहीत. बांधावरच्या खुर्चीत पुन्हा येऊन बसलेल्या म्हाताऱ्याने पंखांचा आवाज ऐकून मान वर केली आणि पातेले मांडीवर घेतले.